चार पानांची वेबसाइट आणि तीन सल्लागार

पत्र:

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावात ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालयाची वेबसाइट हवी असा ठराव कार्यकारिणीने यंदा केला. वेळा, वर्गणी नि अनामत, दर महिन्याला आलेली नवी पुस्तकं आणि व्याख्यानमालेची माहिती, एवढंच द्यायचं आहे. टायपिंग मला येतं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. डिप्लोमा करणारा माझा भाचा म्हणतो, “मावशी, नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिही, दोन दिवसांत जमेल.” ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, आता कोड कुणी लिहीत नाही, ड्रॅग अँड ड्रॉपवाला बिल्डर घ्या, वर्षाचे पैसे भरा आणि माउसने पान लावा. अध्यक्ष म्हणतात, वर्डमध्ये छान पान करा आणि ‘वेब पेज’ म्हणून सेव्ह करा, फुकटात काम. मी काय निवडू? नव्या पुस्तकांच्या आमच्या याद्या कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या आहेत, त्या तशाच चिकटवता येतील ना? वय 47, गणित बेताचं.

उत्तर:

ताई,

भाच्याचं ऐका. फक्त त्याचे ‘दोन दिवस’ सोडून द्या. आठवडाभर रोज तासभर बसायची तयारी ठेवा. गणिताची भीती मात्र काढून टाका, एचटीएमएल म्हणजे पानातला कुठला मजकूर काय आहे ते ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, त्यात बेरीजसुद्धा करावी लागत नाही.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारला आहे: कृतिदेवमधल्या याद्या. त्यावरच आधी बोलू, कारण भाच्याची बाजू मी का घेते ते त्यातूनच कळेल.

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट ही सगळी युनिकोड, म्हणजे जगभर प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीची सोय. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. तुम्ही कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप करता तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव आहे म्हणून तिथे ‘मराठी’ दिसतं. वाचकाच्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही, तिथे ती पाच इंग्रजी अक्षरंच उमटतात. गूगललाही तीच मिळतात. म्हणजे गावातल्या कुणी एखाद्या कादंबरीचं नाव मराठीत शोधलं, तर ते पुस्तक तुमच्या यादीत असूनही यादी सापडणार नाही.

आता हीच यादी वर्डमध्ये उघडा, पान सजवा, सेव्ह करा. वाचनालयाच्या स्क्रीनवर सगळं सुंदर दिसेल. अध्यक्ष बघतील, मान डोलावतील. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बिल्डरमध्ये चिकटवलीत तर दोन शक्यता. त्याने फॉन्टचं नाव गाळलं तर घोटाळा निदान तिथल्या तिथे दिसेल. नाव जपलं तर तुमच्यापुरतं सगळं आलबेल, आणि घोटाळा तुमच्याखेरीज बाकी सगळ्यांना दिसेल. माझा दृश्य संपादकांवरचा, म्हणजे पान दिसेल तसं डोळ्यांसमोर लावू देणाऱ्या वर्ड-बिल्डरसारख्या साधनांवरचा, मुख्य आक्षेप हाच आहे. असा संपादक तुम्हाला दाखवतो ते तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या फॉन्टसह, तुमच्या स्क्रीनच्या रुंदीत कसं दिसतं ते. वाचकाकडे जाते ती फाइल, आणि त्या फाइलमध्ये नेमकं काय आहे ते बघायची सवय या संपादकांमुळे लागतच नाही. तीच यादी नोटपॅडमध्ये नेली असतीत तर पहिल्याच ओळीला इंग्रजी अक्षरांचा काला दिसला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं.

तेव्हा याद्या आधी युनिकोडमध्ये आणा. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत मिळतात. बदललेला मजकूर नंतर डोळ्यांखालून घालावाच लागेल. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, त्यामुळे ‘मार्मिक’सारख्या शब्दांत कन्व्हर्टर अडखळू शकतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र खास तपासा, कारण यांतली बरीच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत आणि हिंदीत हा र लागतच नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. यापुढची प्रत्येक यादी थेट युनिकोडमध्ये टाइप करा. इन्स्क्रिप्ट हा कॉम्प्युटरवरचा मराठी कीबोर्ड येत नसेल तर मोबाइलवर वापरता तो कीबोर्डही चालेल.

आता ते गृहस्थ. “आता कोड कुणी लिहीत नाही” हे वाक्य वेबइतकंच जुनं आहे, हे त्यांना ठाऊक नसावं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो संपादकही होता. पान बघता बघता तिथेच बदलायचं, टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या त्या खुणा, डोळ्यांना दिसायचेसुद्धा नाहीत. सर्वसामान्य माणूस टॅग हाताने लिहील अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. पण तो ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या यंत्रावरच चालायचा. इतरांसाठी आलेला साध्या अक्षरांचा ब्राउझर आणि 1993 चा मोझेक यांत पान नुसतं बघता यायचं. मग लोकांनी साधा टेक्स्ट एडिटर उघडला, दुसऱ्यांच्या पानांचा सोर्स बघितला आणि तसं लिहायला घेतलं. वेब पसरलं ते असं. हाताने लिहिणं ही तेव्हा अडचणीतून निघालेली वाट होती, आणि ती इतकी सोपी निघाली की आजही मोडलेली नाही.

दृश्य संपादक त्यानंतर कितीतरी आले. फ्रंटपेज 1995 मध्ये आलं, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. एके काळी गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेब डिझाइन म्हणजे फ्रंटपेज असंच समीकरण होतं. त्यातले हिट काउंटर आणि फॉर्म सर्व्हरवरच्या खास जोडसॉफ्टवेअरवर चालायचे. 2003 ची आवृत्ती शेवटची ठरली, पुढे होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइट ठेवायला जागा देणाऱ्यांनी, ते जोडसॉफ्टवेअर काढून टाकलं आणि काउंटर जागच्या जागी थांबले. ॲडोबीचं म्यूझ हे तर कोड न लिहिणाऱ्या डिझायनरांसाठीच काढलेलं. 2018 मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं, मार्च 2020 मध्ये मदतही बंद. जिओसिटीजवर लाखो लोकांनी हौसेने पानं मांडली होती, 2009 मध्ये याहूने ती सेवा बंद केली. उलट, सर्नने 2013 मध्ये जगातलं पहिलं संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडलं, आणि ती साधी एचटीएमएल पानं तुमच्या मोबाइलवर आज विनातक्रार उघडतात. ब्राउझर बनवणारे जुने टॅग सहसा मोडत नाहीत. मोडतात ती साधनं.

तुमचं वाचनालय बहुधा तुमच्या-माझ्या वयापेक्षा जुनं असेल. अशा संस्थेने आपली माहिती एखाद्या कंपनीच्या यंदाच्या योजनेत अडकवू नये, असं माझं मत आहे.

हाताने लिहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही ग्रंथपाल आहात. कॅटलॉग कार्ड करताना तुम्ही ‘हे ठळक, हे तिरपं’ असा विचार करत नाही. हे शीर्षक, हा लेखक, हा वर्गांक, हा दाखल क्रमांक, असं सांगता. एचटीएमएलचे टॅग हेच करतात. हे मुख्य शीर्षक, हे उपशीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता. दिसायचं कसं ते वेगळ्या जागी, सीएसएस नावाच्या नियमांत लिहायचं. तुमच्या चार पानांना डझनभर टॅग पुरतात. 1991 मध्ये एचटीएमएलचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा सगळे मिळून अठराच्या आसपास टॅग होते, आणि त्यांतले बरेच तुम्ही आजही वापराल.

दृश्य संपादकात नेमकं इथेच पाऊल घसरतं. ‘वाचनालयाच्या वेळा’ ही ओळ शीर्षक वाटावी म्हणून आपण ती मोठी आणि ठळक करतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं, फाइलमध्ये मात्र तो नुसता मोठ्या अक्षरांतला परिच्छेद असतो. तुमच्या सभासदांत कुणी दृष्टिहीन असतील तर ते मोबाइलवर टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असतील. एनव्हीडीएमध्ये एच ही कळ दाबली की वाचक एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षकाचा टॅगच नसेल तर त्या माणसाला वेळा कळण्यासाठी संस्थेच्या स्थापनेपासूनचा सगळा इतिहास ऐकत बसावं लागतं. बिल्डरमध्येही शीर्षकाचा खरा पर्याय असतो, हे खरं. पण समोर अक्षराचा आकार वाढवायचं बटण असताना तो पर्याय शोधायला कोण जातं?

पानाच्या डोक्यावर चार गोष्टी लिहायच्या असतात. भाचा त्या पाठ म्हणून टाकेल, पण कशासाठी ते तुम्ही समजून घ्या. पहिली ओळ ही फाइल एचटीएमएलची आहे असं जाहीर करते. दुसरी गोष्ट, भाषेची खूण: मराठीसाठी एम आणि आर ही दोन अक्षरं. बहुतेक तयार टेम्प्लेटांत इथे इंग्रजी असतं आणि कुणी बदलत नाही. बदलल्याने काय होतं? वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. 2009 च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले खरे, पण वेबपानावर ते उमटण्यासाठी त्या दोन अक्षरांची खूण लागते. वाचनालयाच्या पानावर ते व्हायला हवं, एवढा हट्ट मी धरीन.

तिसरी गोष्ट यूटीएफ-8 ची, म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीची, नोंद. ही नसली तर ब्राउझर अंदाज बांधतो, अंदाज चुकला की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. चौथी ओळ मोबाइलसाठी, तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात. ती नसेल तर मोबाइल पान कॉम्प्युटरएवढं रुंद, साधारण 980 पिक्सेलचं समजून आवळून दाखवतो आणि वाचकाला बोटांनी ताणत वाचावं लागतं. वर्डमधून निघालेल्या पानात ही चौथी ओळ बहुधा नसतेच.

सीएसएसचे नियमही तुम्हाला मोजकेच लागतील, पण मराठीसाठी त्यांतले दोन फार महत्त्वाचे. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पट ठेवा. इंग्रजीला दीडपट पुरतं, पण आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांच्या शेपट्या. जवळजवळ ओळी ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. दुसरा नियम न करण्याचा आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून टेम्प्लेट बनवणारे अक्षरं थोडी फाकवून ठेवतात. तेच टेम्प्लेट मराठीला लावलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि ‘व्याख्यानमाला’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठी दुकानांच्या, शाळांच्या कितीतरी साइटवर हे दिसतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. टेम्प्लेटमध्ये तो नियम कुठे लपलाय हे माउसने पान लावणाऱ्याला सापडत नाही, एवढंच.

फॉन्ट वेगळा जोडायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. अँड्रॉइडमध्ये नोटो आणि विंडोजमध्ये निर्मला हे देवनागरी फॉन्ट आधीपासून असतात, दोन्ही वाचायला नीट आहेत. पुढे हौस वाटली तर ‘मुक्त’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ या नावांचे फॉन्ट मोफत मिळतात. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, तेवढं ध्यानात ठेवा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. तुमच्या वेळा-वर्गणीच्या पानावर दोन हजार चिन्हं असली तरी मजकूर सहा किलोबाइटचा. टॅग आणि सीएसएस धरून दहा. आजच्या सर्वसाधारण वेबपानाचं वजन दोन मेगाबाइटच्या पुढे गेलं आहे. एसटी स्टँडवर, नेटवर्कची एक काडी असताना, ‘आज वाचनालय उघडं आहे का’ एवढंच बघणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळेल.

रोजचं काम कसं चालेल ते सांगते. नोटपॅड उघडायचं, लिहायचं, सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर फाइलच्या नावाला टीएक्सटीची शेपटी लागते. फाइलचं नाव इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता. विंडोज 10 च्या 2019 च्या अपडेटपासून नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करतं. त्याहून जुना कॉम्प्युटर असेल तर एन्कोडिंगच्या खान्यात ते हाताने निवडा. नवी पुस्तकं आली की यादीतली एक ओळ कॉपी करायची, खाली चिकटवायची, नाव आणि लेखक बदलायचे, सेव्ह. तुमच्या लिपिकालाही हे दुपारभरात दाखवता येईल. आधी आठवडाभर नोटपॅडच वापरा. मग व्हीएस कोड नावाचा मोफत एडिटर घ्या. त्यात टॅगना रंग येतात आणि बंद करायचा टॅग तो आपण होऊन टाकतो.

चुका होतील. ठळकचा टॅग बंद करायचा राहिला की त्याखालचं अख्खं पान ठळक होतं, आणि ब्राउझर तक्रारही करत नाही, निमूटपणे दाखवतो. यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा मोफत व्हॅलिडेटर, म्हणजे चुका तपासणारं साधन, आहे. पान त्याला दिलं की कितव्या ओळीवर काय राहिलं ते सांगतो. पहिल्यांदा लाल ओळींची रांग बघून घाबरू नका. वरची एक चूक दुरुस्त केली की खालच्या चार आपोआप जातात.

भाचा एव्हाना म्हणाला असेल की एआयला सांगितलं की तो अख्खं पान लिहून देतो. देतो खरा, आणि घ्यायला माझी हरकत नाही. पण भाषेची खूण मराठीची आहे का, शीर्षकं खरी आहेत का, नको त्या वीस गोष्टी भरल्यात का, हे तपासणारं माणूस तुम्हीच असणार. म्हणून एक पान, वेळांचं, स्वतः शून्यापासून लिहा. मग बाकीच्या तीन पानांसाठी कुणाचीही मदत घ्या.

आता हाताने काय करू नये. पुस्तकांचा शोध. कार्यकारिणीतलं कुणीतरी महिन्याभरात म्हणेलच की सगळी पुस्तकं साइटवर शोधता यायला हवीत. ते ना नोटपॅडचं काम, ना माउसवाल्या बिल्डरचं. त्यासाठी ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लागतं: एनआयसी या केंद्र सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय, किंवा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिलेलं आणि 2000 पासून वापरात असलेलं मुक्तस्रोत कोहा. वाचकांना घरबसल्या कॅटलॉग बघता येईल अशी सोय त्यांत असते. तो ठराव वेगळा, खर्च वेगळा. तुमच्या पानावरून तिकडे जाणारी एक लिंक दिली की झालं.

आणि दृश्य संपादकच घ्यावा अशी वेळही येऊ शकते. समजा उद्या ठरलं की व्याख्यानमालेचा वृत्तांत कार्यवाह लिहितील, बालविभागाच्या बाई फोटो टाकतील, वाचक पुस्तकांवर लिहून पाठवतील आणि ते दर आठवड्याला छापायचं. चार माणसं लिहिणार असतील तर त्या सगळ्यांना टॅग शिकवत बसणं हा शुद्ध हटवादीपणा होईल. तेव्हा वर्डप्रेस घ्या. 2003 पासून चालू आहे, मुक्तस्रोत आहे, मेन्यूसकट मराठीत मिळतं, आणि 2018 च्या शेवटी आलेल्या त्याच्या ब्लॉक संपादकात पान दिसतं तसं लिहिताही येतं आणि हवं तेव्हा कोडही उघडून बघता येतो. शीर्षकासाठी वेगळा ब्लॉक असतो, तोच वापरायचा नियम सगळ्यांना घालून द्या. त्याची किंमत अशी की वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन, म्हणजे त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअर, सतत अपडेट करावे लागतात. वर्षभर कुणी लॉगिन केलं नाही की एखाद्या जुन्या प्लगइनच्या फटीतून कुणीतरी शिरतं आणि वाचनालयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. साध्या एचटीएमएल फाइलमध्ये शिरायला असं दारच नसतं. होस्टिंगचा पासवर्ड सांभाळला की बहुतेक काळजी मिटते. महिन्याला एक यादी आणि वर्षाला एक व्याख्यानमाला एवढ्यासाठी ही अपडेटची राखण पत्करावी, असं मला वाटत नाही.

त्या गृहस्थांना दुखवू नका, तालुक्याच्या गावात ते परवडत नाही. त्यांना दोन प्रश्न विचारा. पुढच्या वर्षी अनुदान उशिरा आलं आणि आपण पैसे भरले नाहीत, तर पान दिसेल का? आणि आपल्याला दुसरीकडे जायचं झालं, तर सगळी पानं फाइल म्हणून बाहेर काढता येतील का? काही बिल्डरांकडून पानं बाहेर नेताच येत नाहीत, तसं त्यांच्याच मदतीच्या पानांवर लिहिलेलं असतं. दोन्ही उत्तरं समाधानकारक आली तर त्यांना एक नमुना पान करायला सांगा, आणि ते तुमच्या कॉम्प्युटरवर बघू नका. लिपिकाच्या मोबाइलवर, वाय-फाय बंद करून बघा.

निवड कुठलीही करा, नाव आणि खातं यांत ढिलाई नको. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वाचनालयाच्या नावाने, वाचनालयाच्या ईमेलवर नोंदवा. डॉट इन पुरे. डॉट भारत 2014 पासून देवनागरीत मिळतं, पण फलकावर वाचून पत्ता टाइप करताना लोक अडखळतात, म्हणून ते दुसरं म्हणून घ्यायचं तर घ्या. साध्या फाइली गिटहब पेजेससारख्या ठिकाणी मोफत ठेवता येतात. भाचा ते खातं स्वतःच्या ईमेलवर उघडायला निघेल, कारण तेच सोपं. त्याला थांबवा. डिप्लोमा झाला की तो पुण्याला किंवा बंगळूरला जाईल, आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर जात राहील. खात्याचं नाव, पासवर्ड आणि डोमेनची मुदत संपायची तारीख दाखल नोंदवहीसारखी कपाटात कुलपात ठेवा, आणि फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर.

राहता राहिले अध्यक्ष. वर्डचं ‘वेब पेज’ म्हणून सेव्ह केलेलं पान एकदा त्यांच्यासमोरच नोटपॅडमध्ये उघडा. दहा ओळींच्या मजकुराभोवती एमएसओने सुरू होणाऱ्या शेकडो ओळी दिसतील. ते सगळं वर्डला स्वतःसाठी लागतं, वाचकाला त्यातलं काही नको असतं. पण वर्ड त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. संस्थेचा इतिहास आणि देणगीदारांची नावं त्यांच्याकडूनच यायची आहेत, तेव्हा तो मजकूर त्यांना वर्डमध्येच, युनिकोडमध्ये लिहून द्यायला सांगा. तुम्ही तो आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, म्हणजे वर्डची सजावट गळून पडेल, आणि मग टॅग घाला. देणगीदारांच्या नावांचा क्रम मात्र त्यांच्याकडून सही घेऊनच पक्का करा. त्यावरून होणाऱ्या भांडणावर कुठल्याही एडिटरकडे इलाज नाही.